चव आहे तोवर

"चव जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या आठवड्यापासून कमी होत जाईल. तिसऱ्यात बहुतेक काहीच कळणार नाही. पुष्कळांची नंतर काही महिन्यांनी परत येते, सगळ्यांची नाही. तोवर खाऊन घ्या काका, काय आवडतं ते. फार तिखट नको, फार गरम नको. आणि तंबाखूचं नाव काढायचं नाही."

दादा शहाण्या विद्यार्थ्यासारखा मान हलवत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बोकडाला सणाच्या आधी चारतात तसं चारा म्हणती का काय ती?"

मी हसलो नाही. तो मात्र बराच वेळ स्वतःशी हसत होता, डाव्या गालाला हात धरून, कारण टाके ओढले जात होते.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, पाच वर्षांनी मोठा. वडिलांच्या मागे पिशोरच्या घरी शेळ्या त्यानेच राखल्या. वीस-पंचवीस काळ्या शेळ्या, दोन एकर कोरडवाहू आणि खिशात तंबाखू-चुन्याची डबी. मी पुण्यात मसाल्याच्या कंपनीत, मालाची तपासणी करणाऱ्या खात्यात. दिवाळीच्या आधी दादाच्या गालातली गाठ काढली होती. आता तीस शेक द्यायचे होते, सोमवार ते शुक्रवार, सहा आठवडे. रेडिएशनला तिथले पेशंट शेकच म्हणतात. कंबर शेकावी इतक्या सहज. पहिल्या तीन आठवड्यांची रजा मी घेतली, पुढचे तीन वहिनी येणार होती. तोवर ती शेळ्यांकडे. आमच्या जिल्ह्याच्या शहरातच, दवाखान्याजवळ एक खोली भाड्याने घेतली.

शेक दहा मिनिटांत उरकायचा. सकाळी अकराला आम्ही मोकळे, आणि पुढे अख्खा दिवस पडलेला. आमच्या गावाकडच्या माणसाला हे शहर कधी मोकळ्या वेळेचं म्हणून माहीतच नव्हतं. दाखला काढायचा असेल, तारीख असेल किंवा माणूस दवाखान्यात असेल तरच यायचं. काम झालं की स्टँडवर एक चहा, आणि कन्नडच्या गाडीला खिडकी धरायची. वेरूळ-अजिंठा बघायला परदेशातून लोक येतात आणि मी बारावीपर्यंत शहागंजच्या बाजाराच्या पुढे गेलो नव्हतो. म्हणून मी ठरवलं, दादाची चव आहे तोवर हे शहर त्याला खाऊ घालायचं, पाहुण्यासारखं. त्याला आवडेल म्हणून ठरवलं असं मी तेव्हा म्हणत होतो. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे सांगतो.

सुरुवात मी कॉफीपासून केली, कारण मला कॉफीचं वेड आहे. वेड म्हणजे घरी दळायचं यंत्र, वजनाचा छोटा काटा, पाण्याचा थर्मामीटर, सगळा सरंजाम. बायको म्हणते, देवळातल्या पुजाऱ्याचं सोवळंसुद्धा इतकं कडक नसतं. दादाला माझ्या या वेडाची गंमत वाटायची. पुण्याला आला की म्हणायचा, "बारक्या, तुह्या त्या काढ्याची पूजा झाली का?"

सिडकोतल्या त्या पहिल्या कॅफेत सगळं काचेचं होतं. दादा धोतर सावरून उंच स्टुलावर बसला, पाय लोंबकळत. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, दूध कोणतं, ओट, बदाम की सोया? दादाने शांतपणे विचार केला आणि तिला विचारलं, "बाई, बदामाला आचळ कुठं असतं?"

ती हसली नाही. मला लाज वाटली, दादाची नाही, तिची. साध्या दुधाची कॉफी घेतली. दादाने ती कोमट होऊ दिली, एक घोट तोंडात फिरवला आणि म्हणाला, "दूध कालचं हाय. दोनदा तापवलंय."

हे त्याला कळणारच होतं. लहानपणी संध्याकाळी धारा काढून झाल्या की वडील दोन वाट्यांत दूध ओतून आम्हा दोघांपुढे धरायचे आणि विचारायचे, शेळ्या आज कुठं चरल्या? दादा घोट घेऊन सांगायचा, वढ्याकाठी, कडूनिंब खाल्लाय. किंवा, बाभळीच्या शेंगा हायेत. कधी चुकला नाही. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, गोड हाय. वडील कपाळाला हात लावायचे, "गाढवाला गुळाची चव काय! ह्याला शाळंत घाला." सगळे हसायचे. तर असा मी शाळेत गेलो. पुढे वडील त्यातलं निम्मं तरी खरंच बोलत होते असं मला वाटायला लागलं, कारण ज्याला दूध कळत होतं त्याला त्यांनी शाळेतून काढून शेळ्यांमागे ठेवला.

आणि शिकलेल्या गाढवाला अजूनही चव कळत नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भारी कॉफीच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, मोगरा, जांभूळ, मध. मी घोट घेतो, डोळे मिटतो आणि "हं, मोगरा" म्हणतो. मला कॉफीत कॉफीच लागते.

बुधवारी जुन्या शहरात नान खलिया खाल्ला. दादाला नीट चावता येत नव्हतं. त्याने नान रश्श्यात पार मऊ होईपर्यंत बुडवला आणि लेकराला भरवावा तसा एकेक घास स्वतःला भरवला. मांसाचा तुकडा जिभेवर ठेवून तो हॉटेलवाल्याला म्हणाला, "वर्षाच्या आतला व्हता. आन् उपाशी नव्हता ठेवलेला." हॉटेलवाला खूश. "क्या बात है चचा, आप भी धंदे में हो क्या?" दादा म्हणाला, "मैं पालता, तुम पकाते." दोघांनी हात मिळवले. त्या दुपारी तो इतका मजेत होता की तो आजारी आहे हे मी तासभर विसरून गेलो.

गुरुवारी उस्मानपुऱ्यात ती जागा सापडली. बंगल्याच्या मोटार ठेवायच्या खोलीत चार टेबलं, मागे कॉफी भाजायचं यंत्र. चालवणारी बाई पस्तिशीची. आठ वर्षं शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करून सोडलेली, स्वतः बिया आणून स्वतः भाजणारी. भिंतीवर तिने एक चित्र काढून घेतलं होतं, झाडाची लाल फळं खाऊन नाचणाऱ्या शेळ्या आणि त्यांच्याकडे आ वासून बघणारा एक गुराखी. कॉफीचा शोध असा लागला म्हणतात, ती म्हणाली, शेळ्यांमुळे.

दादा चित्रापुढे उभा राहिला. "शेळी आशी नाचत नाय. हिचं पोट फुगलंय. ह्यानं बगत बसण्यापरीस तेल पाजायला पायजे व्हतं."

बाई पोट धरून हसली. तिने आपण होऊन त्याच्यासाठी बिनदुधाची कॉफी गाळली. तो म्हणाला, गरम चालत नाही मला, थांबावं लागेल. ती म्हणाली, "काका, थांबायचंच असतं. कोमट झाल्यावरच खरी चव कळते, लोकांना धीर नसतो." तो पंधरा मिनिटं कपावर हात ठेवून बसला. मग घोट घेतला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वडिलांच्या वाटीपुढे असायचा तोच चेहरा.

"वाळलेलं बोर," तो म्हणाला. "भाजलेले चिंचोके. आन् गिळल्यावर मागून गूळ येतो, काळा."

बाईने मागच्या फळीवरून पाकीट आणून मला दाखवलं. कॉफीच्या मळेवाल्यांनी त्यावर इंग्रजीत जे तीन शब्द छापले होते ते वेगळ्या फळांचे होते, पण आंबट, भाजकं, गोड, क्रम तोच. तिने ते पाकीट बाजूला ठेवलं, एक पांढरं कार्ड घेतलं, दादाचे शब्द त्यावर मराठीत लिहिले आणि चित्राशेजारी चिकटवले. दादा लाजला. परत येताना रिक्षात मला म्हणाला, "आबाला दाखवायला पायजे व्हतं." आबा म्हणजे आमचे वडील.

मग आम्ही रोज तिथे जायला लागलो. शेक झाला की दुपारी शहरात काहीतरी एक खायचं आणि मग उस्मानपुरा. बाई त्याला रोज नवी कॉफी द्यायची आणि तो रोज काहीतरी सांगायचा. ती त्याला काका म्हणायची, मला सर. तिथे मी कोण होतो हे तेवढ्यावरून कळावं.

दुसऱ्या सोमवारी तिने त्याला विचारलं, काका, हे दुखणं लक्षात कधी आलं? त्याने सगळं सांगितलं, पावसापाण्याच्या गोष्टी सांगाव्या तसं.

"गेल्या संक्रांतीला तोंड आलं. गालात आतून फोड. मह्यना झाला तरी जाईना. आमच्यात तोंड आलं का शेळीची धार घेतात, सरळ तोंडात. आचळाखाली आ करून बसायचं. ऊन ऊन धार फोडावर पडली का लई थंड वाटतं. तसं करत व्हतो. तरी एक दिवस वाटलं, दाखवून यावं. कन्नडला जायला निघालो व्हतो, टोपी घातली व्हती डोक्यात. म्हणलं आधी ह्याला इचारू. हा तपासणीच्या खात्यात हाय पुण्याला, ह्याला सगळं कळतं. फोन केला. हा म्हणला, दादा, घरात एवढ्या शेळ्या आन् डॉक्टर कशाला, धार घे. मग टोपी काढली." तो माझ्याकडे बघून कौतुकाने हसला. "शिकलेला म्हणतो म्हणल्यावर बराबरच असंल ना."

बाईने माझ्याकडे बघितलं नाही, ही तिची भलाई.

हेच ते कारण. फोन आला तेव्हा मी कॅन्टीनमध्ये होतो, भोवती चार सहकारी. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी ते बोललो होतो. आमच्याकडे अजून असे अस्सल उपाय आहेत, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. फोन ठेवून त्यांना मी शेळीच्या दुधाचे गुण समजावून सांगितले. किती दिवस झाले, फोड कसा आहे, कडक लागतो का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. कारखान्यात हळदीचं एक पोतं मी नमुना काढल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. भावाला जाऊ दिलं. पुढे आठ महिने तो आचळाखाली आ करून बसला, आणि दर फोनला मी विचारायचो, धार घेतोस ना?

दादाला मी खाऊ घालत होतो ते यासाठी. गुन्हेगार जसा देवळात नारळ फोडतो तसं.

गुरुवारी गुलमंडीत गेलो. इमरती खायची हे दादाचं फार जुनं स्वप्न होतं. लहानपणी वडील एकदा इथून कागदात बांधून घेऊन गेले होते, मुंग्या लागलेली. ताजी, कढईतून पाकात आणि पाकातून हातात, अशी त्याने कधी खाल्ली नव्हती. मी दोन घेतल्या, निवू दिल्या. त्याने तुकडा जिभेवर ठेवला, हळूहळू विरघळवला. मी बघत होतो.

"कसं आहे?"

"लई गोड," तो म्हणाला. "पाकात केशर घातलंय. वास कसला भारी!" त्याने दोन्ही संपवल्या, बोटं चाटली. मला इतकं बरं वाटलं की वहिनीला तिथूनच फोन लावला. ती पलीकडून म्हणाली, "भावजी, तुमी हायेत म्हणून बरंय बगा."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दादाच मला म्हणाला, चल कॉफीला. बाईने नवी भाजलेली कॉफी गाळली. हल्ली घोट घेताना तो डोळे घट्ट मिटायचा, मला वाटायचं चव शोधतोय. त्या दिवशी बराच वेळ त्याने डोळे उघडलेच नाहीत. मग बोलायला लागला, आणि इतका सलग तो कधीच बोलला नव्हता.

"हुरडा. कवळा, शेकोटीतला, चोळून तळहातावर घेतलेला. तव्यावर जळालेली भाकरीची कड. करडईचं तेल, कच्चं. वांग्याच्या भरतातला धूर. आन् सगळ्यात शेवटी शेळीचं दूध. नुकतं काढलेलं, फेसाचं."

बाई लिहीत होती. "काका, बिनदुधाच्या कॉफीत दूध?"

"बगा ना तुमी."

तिने घोट घेतला, थांबली आणि म्हणाली, "अहो, खरंच. शेवटी काहीतरी मऊ येतंय." मीही घोट घेतला. "हुरडा तर स्पष्ट आहे," मी म्हणालो. दादाने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिशीत हसला. ते दुसरं कार्डही चित्राशेजारी लागलं, पहिल्याच्या खाली.

शनिवार-रविवार शेक नव्हता, पण तोंड आतून सोलवटून निघालं होतं. दादा पेज आणि ताकावर आला. सोमवारी मी म्हटलं, आता बाहेर जायला नको. तर म्हणाला, "नाय, कॉफीला जाऊ. ती बाई वाट बगती." त्या दिवशी गेलो तर बाईने सांगितलं, उद्या नक्की या, काकांसाठी एक गंमत आहे.

मंगळवारी तिने कॉफीत दूध घालून आणलं. पांढराशुभ्र फेस, वर पान काढलेलं. तिच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखा आनंद होता. दादाने कप दोन्ही हातांत धरला, निवू दिला, घोट घेतला. दुखलं असणार, डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "वा! झकास."

"ओळखलं का काका? दूध कशाचं?"

"न वळखायला काय झालं?" दादा म्हणाला. "गायीचं हाय. आज सकाळचं. जर्शी नाय, गावरान."

बाईचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी दादाचा कप ओढून घोट घेतला, आणि मला, गाढवाला, त्या एका घोटात कळलं. पिशोरच्या गोठ्याचा वास आला, वडिलांची वाटी आली. शेळीचं दूध होतं. शेंद्र्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून तिने सकाळीच मुद्दाम आणवलं होतं, दादाच्या कार्डावरचा शेवटचा शब्द वाचून. पन्नास वर्षं जो रोज हेच दूध पीत आला होता त्याला ते ओळखू आलं नाही.

मी डोळ्यांनी तिला खुणावलं. ती समजली. "बरोबर काका, गायीचं," ती म्हणाली, आणि उगीच मागे जाऊन कप विसळत बसली.

बाहेर आलो. रिक्षा केली नाही, तसाच त्याच्याबरोबर चालायला लागलो. कोपऱ्यावर रसवंतीचा बाक होता, त्यावर बसलो. विचारायला मला धीर करावा लागला.

"दादा, चव कधीपासून नाही?"

तो म्हणाला, "दूध शेळीचं व्हतं का?"

मी मान हलवली. तो हिरमुसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्याला तसा पाहिला. गुडघ्यावरचं धोतर उगीचच झटकत राहिला.

"इमरतीपासून," तो म्हणाला. "आदल्या दिशी पेजत मीठ कमी लागलं व्हतं. इमरती तोंडात टाकली तर माती. चिकट माती."

"मग दोन कशाला खाल्ल्यास? सांगायचं नाही का मला?"

"कसं सांगू? तू इमरतीकडं बगतच नव्हता. माह्या तोंडाकडं बगत व्हता." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "लई हौसेनं नेत व्हतास रे तू. म्हणलं ह्याची रजा तरी गोड होऊ दे."

मग मी बोललो ते, जे इतके महिने बोललो नव्हतो. धार घे म्हणून मीच सांगितलं, विचार न करता सांगितलं, लोकांपुढे मिरवायला सांगितलं. तुझी टोपी मी उतरवली. रस्त्यावर माणसं होती, रसवंतीवाला बघत होता, मी हुंदके देऊन रडत होतो.

दादाने मला रडू दिलं. नंतर म्हणाला, "ते मला म्हाईत हाय."

एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, जाऊ दे म्हणाला नाही. "उठ, ऊन लागतंय," म्हणाला आणि आम्ही खोलीवर गेलो.

माझी रजा संपली, वहिनी आली. शेक पूर्ण झाले. नाकातून नळी घालावी लागली, नंतर ती निघाली. दादा पिशोरला गेला. रोज सकाळी वहिनी वाटीत दोन घोट दूध द्यायची आणि विचारायची, आलं का काही? तो नाही म्हणून मान हलवायचा. मी फोनवर तेच विचारायचो. तो म्हणायचा, "यील, यील. डाक्टरीणबाई म्हणली ना, टाइम लागतो." चार महिने असे गेले. मग मानेत गाठ आली. या वेळी त्याने मला विचारलं नाही, टोपी घालून स्वतःच दवाखान्यात गेला. करण्यासारखं फार राहिलं नव्हतं. उन्हाळा संपता संपता तो गेला. शेवटपर्यंत त्याला कशाची चव आली नाही.

गेल्या महिन्यात त्याच्याच एका कागदासाठी मला शहरात यावं लागलं. काम अकरालाच झालं. सवयीने पाय उस्मानपुऱ्याकडे वळले.

जागा आता मोठी झाली आहे, शेजारची खोलीही घेतली आहे. चित्र तसंच. त्याच्या शेजारी दोन्ही कार्डं, कडा पिवळ्या पडलेली. बाईने मला ओळखलं. काकांचं विचारलं, मी सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले, काउंटर मदतनिसावर सोपवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. दादाची तीच कॉफी तिने स्वतः गाळून आणली होती. म्हणाली, ही सगळ्यात जास्त जाते, लोक कार्ड वाचूनच मागतात.

शेजारच्या टेबलावर कॉलेजातली दोघं होती. मुलगी कार्ड मोठ्याने वाचत होती. हुरडा, भाकरीची कड, करडईचं तेल. मुलगा घोट घेऊन डोळे मिटून म्हणाला, "हुरडा येतोय यार, खरंच येतोय." मुलीने बाईला विचारलं, "यात दूध आहे का?"

"नाही ग," बाई म्हणाली. "शेवटी नुसती चव लागते."

मी कप हातात धरून बसलो. गरम होता. थांबलो. कार्ड वाचत राहिलो, आणि ते इतक्या वेळा वाचलेलं असूनही जे तेव्हा लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. इमरती गुरुवारी खाल्ली होती. कार्ड शुक्रवारचं होतं.

कॉफी कोमट झाली. मी प्यालो.

"लागतंय का सर?" बाईने विचारलं. "मला आताशा पहिल्याच घोटात लागतं."

आयुष्यभर मी अशा वेळी हो म्हणत आलो. दादाच्या त्या फोनवरही असंच, काही कळत नसताना बोललो होतो.

"नाही," मी म्हणालो. "मला यात कधीच काही लागलं नाही. आणि त्या दिवशी दादालाही लागलं नव्हतं. त्याची चव आदल्याच दिवशी गेली होती."

ती वळून भिंतीकडे बघत राहिली. ओठ हलत होते, बहुतेक एकेक शब्द परत वाचत होती, अगदी शेवटच्या दुधापर्यंत.

"मग हे सगळं काय आहे?" तिने विचारलं.

"त्याला खायचं होतं ते," मी म्हणालो.